उंबरठाणची एष्टी

पंचवटीतल्या एका मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं खेळ शिकवला. कागदोपत्री सगळे खेळ, प्रत्यक्षात खो-खो. या काळात पालकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा: "बाई, नऊपैकी आठ मुली तर नुसत्या बसलेल्या असतात. बसायला काय शिकवता?"

मला राग लवकर येतो, हे माझ्या विद्यार्थिनींना विचारलंत तर त्या आनंदानं सांगतील. पुढे मी रागावण्याऐवजी एक उपाय काढला. विचारणाऱ्या पालकालाच पाटीवर चवड्यांवर बसवायचं आणि मागून एखाद्या सातवीतल्या मुलीला खो द्यायला सांगायचं. बहुतेक जण उठता उठता तोंडावर पडत. एक वकीलसाहेब उठलेच नाहीत, त्यांना दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही, पण दरवर्षी मैदानासाठी दोन गाड्या लाल माती मात्र पाठवली.

ज्यांनी शाळेनंतर हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाठलाग करणाऱ्या आठ मुली दोन खांबांमधल्या एका ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी समोरच्या संघातल्या पळणाऱ्या मुलीला हात लावून बाद करायला धावते. पळणारीच्या मागे धावताना ती बसलेलीच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणते, की बसलेली उठून धावते आणि ही तिच्या जागी बसते. खो कधी मिळेल हे बसलेलीला दिसत नाही, कारण तो पाठीमागून येतो. वळून बघत राहिली तर उठायला उशीर होतो. म्हणून ती पाठीनं ऐकते. मी मुलींच्या डोळ्यांवर ओढण्या बांधून त्यांना ओळीत बसवत असे आणि मागून एकेकीला पळवत असे. कोण पळतंय, कुठल्या अंगानं येतंय, ते सांगायचं. पहिला महिना नुसता खिदळण्यात जाई. सहा महिन्यांनी त्या पावलांवरून नावं सांगत. आणि वर्षभरानं गंमत अशी व्हायची की आपण काही ऐकतो आहोत हेच त्या विसरून जात. "कसं ओळखलंस?" म्हटलं की उत्तर एकच: "कळतं, बाई."

हे "कळतं" माझ्या डोक्यात आयुष्यभर घर करून बसलं. या एका शब्दात सगळं दडलेलं आहे, तो फोडला की नारळासारखं खोबरं हाती येईल, असं मला वाटायचं. माझ्या हातून झालेल्या दोन मोठ्या चुका या हावरेपणातून झाल्या.

पहिली चूक विद्याची. रामकुंडावर पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींची ही मुलगी, पायानं हलकी आणि स्वभावानं आज्ञाधारक. ती पळतीला उतरली की मी रेषेबाहेरून ओरडायची. "डावीकडे! खांब घे! आता आत!" आणि ती तसंच करायची. आम्ही जिंकायचो, माझा घसा बसायचा आणि मला वाटायचं, काय शिकवते मी! एका सामन्याला शेजारच्या मंडळानं ढोल आणला. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचेना. विद्या भर मैदानात थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. पाठलाग करणारी चालत चालत आली आणि तिला हात लावून गेली. दोन वर्षं मी तिच्या डोळ्यांचं काम माझ्या तोंडानं करत होते, ते मला त्या क्षणी समजलं. अकरावीत तिनं खेळ सोडला. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून ते मला अजून जास्त लागतं.

दुसरी चूक यमुनाची. तीच खरी सांगायची आहे.

यमुना सुरगाण्याच्या पलीकडची, उंबरठाणच्याही पुढच्या एका पाड्यावरची. नव्वदच्या दशकात ती नाशिकला वसतिगृहात राहून आमच्याकडे शिकत होती. बोलायला एकदम कमी. पहिल्या दिवशी मी तिला नुसतं "पळ" म्हटलं आणि आमच्या संघातल्या नऊ कसलेल्या मुली तिच्यामागे लावल्या. तिला ना बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाणारी साखळी पळती ठाऊक होती, ना खांबाचा डाव. तरी तिला बाद करायला आमच्यांना दीड मिनिट लागलं. दोन वर्षांत तर ती पळतीला उतरली की बघणारे लोक हातातले शेंगदाणे खायचे विसरत. मागचीनं खो द्यायच्या आधीच ती निघालेली असे. मी विचारलं, "तुला कसं कळतं गं, त्या आता खो देणार ते?"

"माला ठावं नाय, बाई. कळतं."

तिचे वडील दिवाळीच्या आधी नागलीची पिशवी घेऊन मला भेटायला आले. घरातली सगळी माणसं दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला उतरत. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "बाई, येक वरीस थांबतो. महाराष्ट्राच्या संघात गेली तर शिकू द्या तिला, म्या आडवा येनार नाय. नाय गेली तर भावांच्या जोडीनं कामाला लावतो. चार हात कमी पडत्यात."

राज्य स्पर्धा त्या वर्षी नाशिकलाच होती आणि तिच्यातूनच महाराष्ट्राचा संघ निवडला जाणार होता. यमुनाचं शिक्षण त्या एका स्पर्धेला टांगलेलं होतं. मी निर्धास्त होते. तिला कोण बाद करणार?

आणि मग देवरेसाहेब पट्टी घेऊन आले.

देवरेसाहेब आमच्या संघातल्या स्मिताचे वडील. मूळचे सटाण्याकडचे, नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात. माणूस असा की घरातल्या पोळीची जाडीसुद्धा मोजेल. त्यांनी एक फुटाची पोलादी पट्टी आणली होती. पट्टी वरून सोडायची आणि खाली उघड्या ठेवलेल्या दोन बोटांच्या चिमटीत मुलीनं ती पकडायची. जितक्या कमी इंचांवर पकडली तितकी मुलगी चपळ. सगळ्या मुलींची तपासणी झाली. पहिली आली त्यांची स्मिता. आणि यमुना? बारा जणींत नववी!

"परत घ्या," मी म्हटलं. परत घेतली. परत तिथंच. साहेबांची मुलगी पहिली येऊनही त्यांचा चेहरा खुलला नाही, कारण पट्टी फटकन पकडणारी ही स्मिता मैदानात मात्र सगळ्यांत आधी बाद व्हायची. ते विचारात पडले आणि विचारात पडले की त्यांच्या बोलण्यात घरची अहिराणी डोकवायची.

"बाई, गंमतच शे ही! पोरीचा हात साधारण आणि पळती अशी. म्हणजे ती घाई करतच नाही. तिला आधी दिसतं."

"काय दिसतं?"

"ते तिला कुठं माहीत आहे? आमच्याकडे बघा. नवा कामगार मशीनवर उभा राहिला की सगळ्या अंगानं काम करतो, दात-ओठ खातो, संध्याकाळी गळून जातो. जुना गप्पा मारत काम करतो, आणि मशीनचा आवाज केसाएवढा बदलला तर गप्पा तोडून बटण बंद करतो. काय ऐकलं विचारा, सांगता येत नाही. डोक्यातही तसंच असणार. नवख्याचं डोकं घरातले सगळे दिवे लावून बसतं. मुरलेल्याचं डोकं लागेल तेवढा एकच दिवा लावतं."

पुष्कळ वर्षांनी मेंदूच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकायला गेले, तेव्हा तेही घोळवून घोळवून हेच सांगत होते. सरावानं मेंदू जास्त काम करायला लागतो असं नाही, कमी कामात जास्त उरकायला शिकतो. डोळे पुष्कळ काही टिपतात आणि मालकाला न सांगता परस्पर पायांना कळवतात. मला व्याख्यानभर देवरेसाहेबांची पट्टी दिसत होती.

पण त्या दिवशी मला त्यांच्या बोलण्यातलं अर्धंच ऐकू आलं. "तिला आधी दिसतं" एवढंच. माझ्या डोक्यात किडा शिरला. तिला जे दिसतं ते शोधून काढलं, लिहून काढलं, की बाराही मुली यमुना होतील! मी दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी यमुनानं हुलकावणी दिली की मी शिट्टी वाजवायची आणि विचारायची, "आता काय बघितलंस? तिचा खांदा? गुडघा? श्वास?"

आधी ती म्हणायची, "ठावं नाय." मी म्हणायची, "नीट बघ आणि सांग." मुलगी गुणी. ती नीट बघायला लागली. आठवड्याभरानं सांगायला लागली, "खांदा वाकला, बाई." मी हर्षानं लिहून घेतलं. पुढे "डावा पाय घासला," तेही लिहिलं. वहीची चाळीस पानं भरली. तेवढ्यात यमुना संपली.

ती आता खांद्याकडे बघायची, मग पायाकडे बघायची, मग ठरवायची, आणि ठरवेपर्यंत पाठीवर हात पडायचा. सरावात बाद व्हायला लागली तेव्हा मी म्हटलं, होतं असं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी चांदवडच्या संघाशी मैत्रीचा सामना ठेवला. यमुना पहिल्या डावात वीस सेकंदांत बाद झाली. दुसऱ्या डावात त्याहून लवकर. नेमके त्या दिवशी तिचे वडील आले होते.

सामना संपल्यावर ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. "बाई, पोर लय वंगाळ खेळली. इथं ऱ्हाऊन इसरली का काय?" पलीकडे यमुना बुटांच्या नाड्या सोडत बसली होती आणि मान वर करत नव्हती. वडील म्हणाले, "स्पर्धा होऊ द्या. मंग न्यायला येतो." ते आता निवडीबद्दल बोलतही नव्हते.

पुढचे चार दिवस मी तिला समजावलं, रागावले, लाडीगोडी लावली. वही अजून हातातच होती. म्हणजे बघा.

शनिवारी शाळा सुटल्यावर चाव्या विसरल्या म्हणून मी परत आले. मैदानावर वसतिगृहातल्या मुली आपल्याआपण खेळत होत्या. मी लिंबाच्या मागे थांबले. त्यांच्यात एक नवीन आलेली लहान मुलगी होती, घरच्या आठवणीनं रोज रडायची. तिला हसवायला म्हणून यमुना एष्टीची कंडक्टर झाली होती. पळता पळता ओरडत होती, "चला, ढकांबे कोण हाय का! आक्राळे! दिंडोरी उतरा! लखमापूर फाटा, दार सोडा! वणी! बोरगाव! सुरगाणा! उंबरठाण, येष्टी रिकामी!" आणि मग परत नाशिकपासून. पाटीवर बसलेल्या मुली हसून हसून लोळत होत्या, तरी मन लावून पाठलागही करत होत्या. एकीलाही ती सापडत नव्हती. मागचीनं खो द्यायच्या आधी ती निघालेली होती, अगदी पूर्वीसारखी.

मी लिंबाला हात टेकून उभी राहिले. तोंड एष्टीत गुंतलं होतं म्हणून पाय मोकळे होते. तिला जे दिसायचं ते आजही दिसत होतं, फक्त माझ्या वहीनं त्याच्यावर पहारा बसवला होता. विद्याच्या वेळी मी तिचे डोळे काढून घेतले, आणि इथं हिच्या डोळ्यांना हिशेब द्यायला लावला. दोन्ही वेळा कारण एकच, मला गप्प बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही बंबात गेली. आंघोळीचं पाणी चांगलं कढत तापलं. सोमवारी मी यमुनाला बाजूला घेऊन सांगितलं, "माझं चुकलं. तू बरोबर होतीस. ठावं नाय म्हणजे ठावं नाय." ती माझ्याकडे बघतच राहिली. बाई माफी मागतात हे तिला नवीन होतं, आणि खरं तर मलाही. मग म्हटलं, "यापुढे पळताना मनातल्या मनात तुमची एष्टी चालवायची. बाकी काही बघायचं नाही."

"आन् थांबे चुकले तर?"

"चुकले तर उंबरठाणचे लोक चालत जातील."

ती पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसली.

राज्य स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. यमुना बरी खेळत होती, पण निवड समितीच्या टेबलावरचे चेहरे काही सांगत नव्हते. तिच्यासारख्या बऱ्या खेळणाऱ्या आणखी सात-आठ होत्या. अंतिम सामन्याला तिचे वडील आले, सोबत तिचं सामान भरून न्यायला रिकामी पत्र्याची पेटी घेऊन धाकटा भाऊ.

शेवटची सात मिनिटांची पाळी उरली. आमच्याकडे सहा गुणांची आघाडी आणि पळती आमची. सहा मुली बाद झाल्या तर बरोबरी, सात झाल्या तर हार. पाळी सुरू व्हायच्या आधी समोरच्या संघाची कर्णधार पंचांकडे गेली. "सर, त्यांची ती उंच मुलगी पळताना काहीतरी मंत्र म्हणते. आमच्या मुली घाबरतात."

पंचांनी यमुनाला बोलावलं. "काय पुटपुटतेस गं?"

"काय नाय सर. उंबरठाणची येष्टी."

पंचांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. मग ते त्या कर्णधाराला म्हणाले, "नियमावलीत एष्टीला बंदी नाही. खेळा."

पळतीला तिघी-तिघी उतरतात; पहिल्या तिघी तीन मिनिटांच्या आत बाद झाल्या. दुसऱ्या तुकडीत यमुना, स्मिता आणि आणखी एक. स्मिता लगेच गेली. तिसरी खांबाजवळ सापडली. घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद उरले होते. एका बाजूला नऊ मुली आणि दुसऱ्या बाजूला एकटी यमुना. ती बाद झाली तर बरोबरी, आणि आमच्या पुढच्या तुकडीत सगळ्या नवख्या.

मला ओरडायचं होतं. घसा अक्षरशः खाजत होता. मी पदराचा बोळा करून तोंडात धरला. शेजारी देवरेसाहेब उभे होते, त्यांनी खिशातली पट्टी दोन्ही हातांत घट्ट धरली होती, कशासाठी ते त्यांनाच माहीत.

यमुनाचे ओठ हलत होते. एक खो हुकला, दुसरा हुकला. त्यांच्या कर्णधारानं खो द्यायची हूल दाखवली. भले भले फसतात अशी हूल होती. यमुना फसली नाही, कारण ती तिकडे बघतच नव्हती. निदान आपण बघतोय असं तिला वाटत नव्हतं. एकदा तिला खांबापाशी कोंडली. त्यांच्यातल्या सगळ्यात उंच मुलीनं सूर मारला, तिची बोटं यमुनाच्या टाचेला लागणार असं मैदानावरच्या प्रत्येकाला दिसलं. यमुनानं वळूनसुद्धा बघितलं नाही. टाच उचलली, बोटांखाली माती आली आणि ती खांबाला वळसा घालून पुढे गेली. शेवटचं अर्धं मिनिट सगळं मैदान उभं होतं आणि तरीही मला तिच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

शिट्टी झाली. यमुना नाबाद. आम्ही एका गुणानं जिंकलो.

मुलींनी तिला उचललं. मी तिथंच मातीत बसून रडले, आणि हे लिहिताना मला त्याची जराही लाज वाटत नाही. आयुष्यात तेवढं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही. ती खाली उतरली तेव्हा मी विचारलं, "कुठपर्यंत पोचली गं एष्टी?"

"तीन फेऱ्या झाल्या बाई. चवथीला वणी आलं व्हतं."

संध्याकाळी महाराष्ट्राच्या संघाची यादी वाचली गेली. तिचं नाव दुसरं होतं. तिच्या वडिलांना यादीचं काही विशेष वाटलं नाही, त्यांना एष्टीचं वाटलं. मुलीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, आमची खरी येष्टी कवा येवढी येळेवर पोचत नाय." मग धाकट्याच्या हातातली पेटी घेऊन त्यांनी ती यमुनापुढे ठेवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. पुस्तकं ठेवाया व्हईल."

त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं शिकवलं. मुली घडवल्या, बक्षिसं आणली. पुन्हा कधी वही केली नाही, कोणाला रेषेबाहेरून ओरडून सांगितलं नाही. निवृत्त होताना निरोप समारंभात एक बाई म्हणाल्या, "यांनी मुलींना बघायला शिकवलं." मनात म्हटलं, अर्धं आयुष्य तर मी मुलींच्या आड येऊ नये हे शिकण्यात गेलं.

दोनेक वर्षांमागची गोष्ट. द्वारकेच्या चौकात रिक्षात अडकले होते. सिग्नल बंद, चारही बाजूंनी गाड्या, आणि मधोमध एक उंच वाहतूक पोलीस महिला आमच्याकडे पाठ करून पुण्याकडची वाहनं सोडत होती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडमची पाठ आहे, काढतो हळूच." मी त्या पाठीकडे बघितलं आणि म्हटलं, "नको हो, पस्तावाल." त्यानं गाडी वीतभर पुढे घेतली असेल नसेल. चौकात भोंग्यांचा नुसता कल्लोळ होता. तिनं मान वळवली नाही. फक्त डावा हात मागे आला आणि तळवा नेमका आमच्या रिक्षासमोर उभा राहिला.

रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला. "आयला, मागं डोळे आहेत का हिला?"

वाहनं थांबवून ती वळली, मला बघितलं आणि भर चौकातून हसत आली. पदवी, मग पोलीस भरती, हे मला पत्रानं कळलेलं होतं, पण वर्दीत बघितली ती तेव्हाच. वाकून नमस्कार करायला लागली, मी हात धरला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या मुलीला काय विचारावं? मी जन्माची मास्तरीण. तोंडातून निघून गेलं, "कसं गं कळलं, आमची रिक्षा हलली ते?"

यमुनानं दोन्ही हात जोडले.

"बाई, पाया पडते, तेवढं इचारू नका. अजून दोन तास ड्युटी हाय माझी."